बघायचं काम दादाचं

धनंजय विचारेनं बास्केटबॉलचे शेकड्यानं सामने टिपले, पण त्यातला एकही पाहिला नाही. हे मी कुणाला सांगितलं की लोक हसतात. पूर्वी मीही हसायचो, आणि त्याच्या तोंडावर हसायचो. "काय विचारे, काल कोण जिंकलं?" असं मुद्दाम विचारायचं. तो प्रामाणिकपणे सांगायचा की शीट बघून सांगतो.

माणूस गुहागरकडचा, शिडशिडीत, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारा. विचारलं तेवढंच उत्तर देणार, आणि तेही विचार करून. नाकासमोर चालणारा म्हणतात ना, तसा. फक्त याच्या नाकासमोर कायम कुठला तरी स्क्रीन असायचा. बायको-मुलगा गावाला, हा इकडे शारजात हमरिया बंदराजवळच्या कंपनीच्या खोलीत. दर शुक्रवारी जेवायला माझ्या बहिणीकडे उम्म अल कुवैनला. त्याच्या एकूण आयुष्यात सांगण्यासारखं काही नाही असंच मला वाटायचं, आणि त्या एका सामन्यापर्यंत ते खरंही होतं.

माझं नाव परेश. शारजात एसीच्या डक्टचं कॉन्ट्रॅक्टिंग करतो. कमलिनी माझी थोरली बहीण आणि तिचे यजमान उपेंद्र थोरात म्हणजे माझे दाजी. आम्ही कराडकडचे. दाजी हमरिया फ्री झोनमध्ये टॅलीच्या कामावर होते. जहाजातून उतरणारा माल मोजून घ्यायचा, म्हणजे टॅली. हे काम दोघांचं असतं. एकानं मालाकडे बघत पेटीवरचा नंबर मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं तो तसाच परत म्हणायचा आणि मशिनमध्ये टाकायचा. वाचणारे दाजी, टाकणारा धनंजय.

धनंजय नवा होता तेव्हाची गोष्ट दाजी नेहमी सांगायचे. एकदा दाजींनी नंबर वाचला आणि याला वाटलं, आपणही एकदा खात्री करावी. मान वर करून दोन पावलं पुढे गेला, आणि क्रेनला लटकलेला माल त्याच्या कानाजवळून गेला. दाजींनी त्याला कॉलर धरून मागे ओढलं आणि सगळ्या धक्क्यासमोर झापलं, "तू बघायचं नाहीस. बघायचं काम माझं, टिपायचं काम तुझं. दोघंही बघत बसलो तर टिपणार कोण?" त्या दिवसापासून धनंजयनं कामावर मान वर केली नाही. दाजींचा आवाज आला की बोटं चालायची. त्यापलीकडे काय आहे, हे त्यानं दाजींवर, त्याच्या दादांवर, सोडून दिलं.

बास्केटबॉल नंतर आला. दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत खैरुद्दीन नावाचा एक हैदराबादी माणूस स्टॅटिस्टिक्सची छोटी कंपनी चालवतो. इथल्या क्लबांची एक व्यावसायिक लीग आहे. तिच्या सामन्यात कुठल्या खेळाडूनं किती बास्केट केले, हुकलेला चेंडू किती वेळा पकडला म्हणजे रिबाउंड, बास्केटचा पास कुणी दिला म्हणजे असिस्ट, कुणाचा फाउल झाला, कोण बाहेर गेलं नि कोण आत आलं, हे सगळं सामना चालू असतानाच टिपावं लागतं. तिथेही जोडीच लागते. एक मैदानाकडे बघून सांगतो, दुसरा लॅपटॉपमध्ये टाकतो. टॅलीवाल्यांना हे काम जमेल असं कुणीतरी खैरुद्दीनला सुचवलं, आणि ही जोडी सुट्टीच्या दिवशी जाऊ लागली. दाजींनी टीव्हीवर बघून बघून खेळ शिकून घेतला. धनंजय शिकला नाही. बास्केट जमिनीपासून किती उंच असतं हे त्याला अजूनही सांगता येणार नाही.

बाकीच्या जोड्या इंग्रजीत बोलायच्या, ही जोडी मराठीत. "चौदा, रिबाउंड." "चौदा, रिबाउंड." "नऊ बाहेर, अकरा आत." "नऊ बाहेर, अकरा आत." हॉलमध्ये गोंगाट फार, म्हणून दोघांच्या कानाला हेडसेट. दाजी उजवीकडच्या खुर्चीत, धनंजय डावीकडे. मी एकदा मागे बसून ऐकलं होतं. हळूहळू कुणाचा आवाज पहिला आणि कुणाचा दुसरा हेच कळेनासं झालं. मला ते फारसं आवडलं नव्हतं, पण कारण सांगता आलं नसतं.

दाजींचा एक स्वभाव इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे तोच कामाला येणार आहे. आपलं दुखणं कुणी बघितलेलं त्यांना खपत नसे. ताप आला की भिंतीकडे तोंड करून पडायचे. ताई कपाळाला हात लावायला गेली की म्हणायचे, बघू नकोस माझ्याकडे, तुझं काम कर. एकदा दाढ काढून आले तर दोन दिवस मफलर गुंडाळून जेवले, इथल्या या उकाड्यात. ताई म्हणायची, यांच्या दुखण्याचा मला नेहमी पाठीवरून अंदाज घ्यावा लागतो.

तो अंतिम सामना गेल्या वर्षीचा. शारजातल्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. चार क्वार्टर संपले तरी बरोबरी. मग जादा पाच मिनिटांचा ओव्हरटाइम, पुन्हा बरोबरी. आणखी एक, पुन्हा बरोबरी. तिसऱ्या ओव्हरटाइमला जाणारा हा लीगच्या इतिहासातला पहिलाच सामना. शेवटी १३८-१३६ असा निकाल लागला आणि चौदा नंबरच्या त्या ताडमाड खेळाडूनं चौतीस रिबाउंड घेतले. एवढे त्या लीगमध्ये कुणीच घेतले नव्हते. शिटी वाजली तसे लोक मैदानात उतरले, कोण कुणाच्या गळ्यात पडतंय ते कळेना. धनंजयनं विचारलं, "दादा, सेव्ह करू?" त्याच्या म्हणण्याप्रमाणे उत्तर आलं, "कर." त्यानं बटण दाबलं, हेडसेट काढला आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा उजवीकडे बघितलं.

दाजी हनुवटी मुठीवर टेकवून बसले होते, टोपी डोळ्यांवर ओढलेली. हात लावला तर हात गार.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरनं सांगितलं की हार्ट अटॅक, आणि सामना संपला तेव्हाच जाऊन कमीत कमी तास-सव्वा तास झाला होता. मी हिशेब केला. म्हणजे शेवटचा क्वार्टर सुरू होण्याच्या आसपास. त्यानंतर एक क्वार्टर आणि तीन ओव्हरटाइम, दाजी त्या खुर्चीत तसेच होते.

ताई रडली नाही. तिनं धनंजयला एवढंच विचारलं, "तुम्ही एकदाही वळून बघितलं नाहीत?"

तो खाली बघत म्हणाला, "वहिनी, दादा शेवटपर्यंत बोलत होते."

मला इतका संताप आला की मी त्याला कॉरिडॉरमध्ये भिंतीशी दाबून धरलं. शेजारी माणूस मरतोय आणि हा बटणं दाबतोय, वर थापा मारतोय. मी नको नको ते बोललो.  दाजींना गावी पाठवण्याआधी शेवटचं दर्शन ठेवलं होतं तेव्हा धनंजय आला, पण दारातच उभा राहिला. जमिनीकडे बघत हात जोडले आणि गेला. त्यानं दाजींचा चेहरा बघितलाच नाही. मी तेव्हा म्हटलं, चोराच्या मनात चांदणं.

दिवसकार्य उरकून ताई कराडहून परत आली. भाची इशिताची शाळा इथे, ताईचं शिकवणीचं काम इथे, म्हणून यावंच लागलं. पण ती एका जागी अडकून पडली होती. मला म्हणायची, "परेश, ते बोलत होते तर जिवंत होते. जिवंत होते तर यानं नुसतं वळून बघितलं असतं तरी वाचले असते. आणि बोलत नव्हते, तर हा माणूस माझ्या तोंडावर खोटं बोललाय. दोन्हीतलं काय ते मला कळू दे. मग मी त्याला माफ तरी करीन, नाही तर या घराचा उंबरा तरी बंद करीन." शुक्रवार आला की पोळीच्या कणकेचा एक गोळा जास्त व्हायचा आणि मग ती तो हातात घेऊन तशीच उभी राहायची. मला तिच्याकडे बघवत नसे.

अशात खैरुद्दीनचा फोन आला. त्याला काहीतरी दाखवायचं होतं, आणि ते फोनवर सांगता येत नव्हतं. दुपारच्या वेळी मी आणि ताई गेलो. खाली किराणा, वर त्याचं दोन खोल्यांचं ऑफिस, खिडकीतून भगभगीत ऊन. सांगायचा मुद्दा असा की भुतंखेतं आठवावीत असं तिथे काहीही नव्हतं.

सामना ऐतिहासिक ठरल्यामुळे लीगनं सगळे आकडे व्हिडिओवरून पुन्हा तपासायला लावले होते. खैरुद्दीननं दुसऱ्या जोडीला बसवलं. थांबवत, मागे-पुढे करत त्यांनी सगळा सामना पुन्हा टिपला. पहिल्या तीन क्वार्टरमध्ये दाजींच्या नेहमीसारख्या बारीकसारीक चुका निघाल्या. एक असिस्ट भलत्याच्या नावावर, एक रिबाउंड सुटलेला. तेवढ्या चुका चालतात, माणूस म्हटला की चुकणारच. पण चौथ्या क्वार्टरपासून तिसऱ्या ओव्हरटाइमच्या शेवटापर्यंत एकही चूक नव्हती. चौदा नंबरनं त्या वेळात घेतलेला प्रत्येक रिबाउंड बरोबर. दोन्ही टीमचे फाउल, पास, हुकलेले बास्केट, सगळं बरोबर. जिथे तपासणाऱ्यांचं आणि शीटचं जुळलं नाही, तिथे पुन्हा बघितल्यावर तपासणारेच चुकलेले निघाले.

खैरुद्दीन आवाज खाली आणून म्हणाला, "परेशभाई, रोक रोक के देखनेवाले भी गलती करते हैं. इसमें एक भी नहीं है. उपेंद्रभाई जब तक थे, तब तक गलती थी."

मी धंद्यातला माणूस. मी म्हटलं, हॉलचा एसी फुल असेल तर शरीर लवकर गार पडतं, डॉक्टरचा अंदाज चुकला असेल. म्हणजे दाजी शेवटपर्यंत होते. हे बोललो आणि लगेच जीभ चावली, कारण ताईला जे ऐकायचं नव्हतं तेच मी म्हणून बसलो होतो. खैरुद्दीननं मान हलवली आणि व्हिडिओ लावला.

मैदानाच्या पलीकडून घेतलेला तो व्हिडिओ. मागच्या बाजूला टेबल दिसतं. पहिल्या तीन क्वार्टरमध्ये दाजींचे ओठ सारखे हलतात, बोट मैदानात इकडून तिकडे फिरतं. चौथा क्वार्टर सुरू होतो तेव्हा मूठ हनुवटीखाली आणि ओठ बंद. शेजारी धनंजयचे ओठ मात्र हलतायत, बोटं चालतायत, मान खाली. त्याच क्वार्टरमध्ये एकदा चेंडू कुणाच्या तरी हातातून सुटतो आणि सरळ टेबलावर येऊन आदळतो. टेबलाशी बसलेले सगळे दचकून मागे होतात. कुणी तोंडावर हात धरतं, कुणाची पाण्याची बाटली पडते. दाजी हलत नाहीत. त्यांची पापणीसुद्धा हलली नसेल, एवढ्या लांबून काय दिसणार, पण बघणाऱ्याला कळतं. ताईनं माझा हात धरला. तिला कळलं होतं.

डॉक्टर बरोबर होता. दाजी त्याआधीच गेले होते. वळून बघितलं असतं तरी काही उपयोग नव्हता.

"मग धनंजयभाऊजी खोटंच बोलले ना?" ताई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. कुठलं तरी एक दार बंद झाल्याचा थकवा होता.

खैरुद्दीन म्हणाला, अजून एक आहे. हेडसेटवरचं सगळं बोलणं कंपनी रेकॉर्ड करून ठेवते, प्रत्येकाचा आवाज वेगळा. दाजींचा आवाज लावला. चौथ्या क्वार्टरपासून त्यात फक्त लांबचा गोंगाट होता, शब्द एकही नाही. मग धनंजयचा आवाज लावला. 

"चौदा, रिबाउंड." मग थोडी जागा. "पाच, असिस्ट." मग थोडी जागा. "नऊ बाहेर, अकरा आत." ती जागा तेवढीच होती, जेवढ्यात दुसऱ्या माणसाचं वाक्य बसतं. तो आपल्या मनानं बोलत नव्हता, उत्तरं देत होता. मध्येच म्हणाला, "कोण, दादा? परत सांगा." मग जागा. मग, "हां, एकवीस." खैरुद्दीननं समोर व्हिडिओ चालू ठेवला होता. तिथे एकवीस नंबरच होता, आणि धनंजयची मान खालीच होती. समोर त्याला दाखवणारा दुसरा स्क्रीन नव्हता, मैदानाकडे त्याचं टाळकं होतं.

मी काही म्हणणार तेवढ्यात तो टेबलावर आदळलेला चेंडू आला. आवाजात दाणकन मोठा धक्का. व्हिडिओत सगळे मागे झाले, आणि तेव्हा मला मघाशी न दिसलेलं दिसलं. धनंजयनं मान वळवायला सुरुवात केली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. उजवीकडे अर्धी वळली आणि थांबली. आवाजात तो म्हणाला, "दादा, काय झालं? लागलं का?"

मग जागा. या वेळी जरा मोठी.

मग तो म्हणाला, "बरं. नाही बघत, दादा. सांगा तुम्ही." आणि व्हिडिओत त्याची मान परत स्क्रीनकडे फिरली.

ताईनं हात पुढे करून रेकॉर्डिंग बंद केलं. पुढचं तिला ऐकायचं नव्हतं. कितीतरी वेळ ती त्या थांबलेल्या चित्राकडे बघत राहिली, मुठीवर हनुवटी ठेवलेल्या आपल्या नवऱ्याकडे. मग म्हणाली, "भाऊजींनी बघितलं नाही असं नाही, परेश. यांनी बघू दिलं नाही." आणि पदर तोंडाला लावून ती पहिल्यांदा रडली. "मला तरी कधी बघू दिलं होतं?"

मला सगळ्याचा अर्थ लागला असं मी म्हणणार नाही. चाळीस फुटांचा डक्ट कुठे गळतो ते मी नुसतं ऐकून सांगतो, पण हे मला सांगता येत नाही. परतीच्या रस्त्यावर मी गाडीत दोन-तीन कारणं रचून बघितली आणि ती ताईला सांगितली नाहीत. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये त्याला जे बोललो त्याची माफी मागायला मी त्याच्या खोलीवर गेलो. तो म्हणाला, राहू दे, तुम्हाला दिसलं तसं तुम्ही बोललात. मग विचारलं, वहिनी बोलावतात का?

पुढच्या शुक्रवारी तो जेवायला आला. ताईनं सोलकढी केली होती, त्याच्यासाठी म्हणून मुद्दाम कोकणातली. इशितानं पानं मांडली. धनंजय टेबलाशी सवयीनं डावीकडे बसला आणि उजवीकडची खुर्ची आपोआप रिकामी राहिली. कुणी तिच्यावर बसलं नाही, कुणी तिथून हलवलीही नाही. तो खाली मान घालून जेवला. ताटाखेरीज कुठे बघितलं नाही. समोरच्या भिंतीवर दाजींचा हार घातलेला फोटो होता आणि तो चुकूनही तिकडे नजर जाऊ देत नव्हता. इशिता माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "मामा, हि इज स्टिल नॉट लुकिंग." मी तिला डोळ्यांनी गप्प केलं.

हात धुऊन झाल्यावर ताई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिनं सगळं सांगितलं. व्हिडिओत काय दिसलं, रेकॉर्डिंगमध्ये काय ऐकलं, आणि तिच्या मनात आता काही नाही हेही. म्हणाली की तुमच्या हातून काही चुकलं नाही, तुम्ही त्यांचं ऐकलंत, मीही आयुष्यभर तेच केलं. मग तिनं फोटोकडे हात केला.

"भाऊजी, मॅच संपली. आता बघा."

धनंजय मान खाली घालूनच उभा होता.  मग तो थोडासा उजवीकडे झुकला, त्या रिकाम्या खुर्चीकडे, हॉलमध्ये झुकायचा तसाच, आणि हळू आवाजात म्हणाला, "दादा, बघू?"

मी त्या वेळी हसायला हवं होतं, किंवा ओरडायला. मी यातलं काहीच केलं नाही. ताई खुर्चीकडे बघत होती, इशिता ताईकडे बघत होती. खरं सांगतो, आम्ही तिघंही उत्तराची वाट बघत होतो.

एका वाक्याला लागते तेवढी जागा गेली.

"बरं," धनंजय म्हणाला, आणि त्यानं मान वर केली.